टाकीतला ऊस

श्रोतेहो, पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना काल-परवाची, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही बरं का. ब्राझीलने 1931 सालीच आयात केलेल्या पेट्रोलात शेकडा 5 मद्यार्क घालण्याचा हुकूम काढला होता. ऊस उदंड, साखरेला भाव नाही आणि तेल बाहेरून आणायचे. मग दुसरे काय करणार? ब्रिटनमध्येही त्या सुमारास ‘डिस्कॉल’ नावाचे मद्यार्कमिश्रित पेट्रोल पंपावर मिळत असे.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ झाला. मोटारीसाठी वापरायचा मद्यार्क शेकडा 99.5 शुद्ध हवा, अशी त्यात अट होती. एवढा काटेकोरपणा कशाला? तर मळी आंबवून, भट्टीवर कितीही ऊर्ध्वपातन करा, मद्यार्क 95-96 टक्क्यांपुढे जात नाही. उरलेले पाणी मद्यार्काला असे काही बिलगून बसते की उकळून सुटत नाही. ते काढण्याची एक युक्ती सिडनी यंग या इंग्रज रसायनज्ञाने 1902 मध्ये बेंझीन वापरून दाखविली. हे पाण्याचे वेड लक्षात ठेवा. पुढे तेच आपल्याला नडणार आहे.

मौज अशी की, ऊस आणि मोटार यांची सोयरीक महाराष्ट्रात एका माणसाच्या घरीच जमली होती. शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना उभा केला आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची. पण तिच्या हयातीचा बहुतेक काळ तिला निखळ पेट्रोलच मिळाले. कारण 1948 चा कायदा हळूहळू कागदावर राहिला आणि 2000 साली रद्दही झाला.

लगेच पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, नव्याने प्रयोग झाले ते आपल्याच मिरजेला आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात बरेलीस. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के, 2022 मध्ये देशभर सरासरी 10 टक्के आणि 2025 मध्ये 20 टक्के, असा हा चढता क्रम आहे. आता मक्याचा व तांदळाचाही मद्यार्क त्यात येतो. ऊसवाल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मळीला आणि रसाला एक हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

पण गावात कुणाच्या वाड्यात, ताडपत्रीखाली, वडिलांच्या वेळची पद्मिनी किंवा अँबॅसडर उभी असते. तिचे काय? मद्यार्कात शक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणून 20 टक्के मिश्रणात लिटरमागे शक्ती शेकडा 6-7 कमी. हे सोसता येईल. डिस्कॉलवर तिकडच्या जुन्या मोटारी चालल्याच होत्या. माझ्या मते खरा धोका चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला जास्त आहे. रोज चालणाऱ्या गाडीतले पेट्रोल आठवड्यात संपते. उभ्या गाडीतले महिनोन् महिने तसेच राहते.

टाकी अर्धी रिकामी असली म्हणजे रात्रीच्या गारव्याने आणि दिवसाच्या उन्हाने ती श्वास घेते. श्रावणातली दमट हवा आत जाते, तिच्यातले पाणी मद्यार्क ओढून घेतो. काही मर्यादेपर्यंत ते मिश्रणात सामावते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि मद्यार्क हातात हात घालून तळाशी जाऊन बसतात. इंजिनाची नळी निघते तीही तळाजवळूनच! मग गाडी चालू होत नाही आणि पत्रा आतून गंजतो.

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या नळ्या आणि वायसर मद्यार्काने फुगतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. फार जुन्या गाड्यांत तर कार्ब्युरेटरचा तरंगा बुचाच्या लाकडाचा, वरून चपड्याचा लेप दिलेला असे. आता चपडा कशात विरघळतो, हे गावच्या सुताराला विचारा. पॉलिश करताना तो चपडा स्पिरिटमध्येच तर भिजत घालतो! लेप गेला की बूच इंधन पिते, जड होते, बुडते. आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो.

शिक्षकबंधूंना हा पाण्याचा खेळ वर्गाला दाखविता येईल. मात्र उघड्या अंगणात, विस्तवापासून दूर आणि स्वतःच्या हातांनी. अरुंद मापनपात्रात 10 मिलिलिटर पाणी घ्या, वर 90 मिलिलिटर पंपावरचे पेट्रोल ओता, बूच लावून हलकेच हलवा आणि ठेवून द्या. 20 टक्क्यांचे मिश्रण असेल तर खालचा थर 10 वरून पंचविशीच्या आसपास चढलेला दिसेल. ती वाढ मद्यार्काची.

गाडी दोन-तीन महिने उभी राहायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरावी. आत हवाच नाही तर ओल कुठून येणार? झाकणाचे वायसर पाहून घ्यावे. टाकीखालचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. वर्षभराची बेगमी असेल तर सगळे पेट्रोल काढून ते दुसऱ्या गाडीत वापरून टाकावे. पण रिकामा पत्राही गंजतो, म्हणून आत तेलाचा हात फिरवून घ्यावा. रबरी नळ्या मद्यार्क सोसणाऱ्या मिळतात, त्या पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात. आणि मिस्त्रीला आधीच सांगून ठेवावे की, गाडी पुन्हा काढताना पहिले लिटरभर पेट्रोल टाकीच्या तळातून बाटलीत काढून उजेडात धर. मध्ये रेघ दिसली तर किल्लीला हात लावू नकोस.