दमडी मशीद

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेस दमडी मशीद उभी आहे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू या किल्ल्यात बंदिवासात होते, हे पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांस ठाऊक असते. तो कक्ष पाहून परतणारा प्रवासी मशिदीपर्यंत क्वचितच पोहोचतो.

मशीद लहान आहे. दर्शनी बाजूस तीन कमानी, वर कोरीव कंसांनी तोललेले दगडी छज्जे, छतावर सडपातळ मनोरे. सलाबतखानाने १५८३ च्या सुमारास पूर्ण केलेल्या फराहबागेची शोभा चुन्याच्या गिलाव्याची होती. येथे मात्र सारे काम पाषाणात आहे. दख्खनचा काळा दगड छिन्नीला सहजासहजी वश होत नाही. तरीही फुले-वेली, भौमितिक आकृती आणि अरबी अक्षरांची वळणे त्यात अशी उतरली आहेत की लाकूडकामाची आठवण व्हावी. छज्ज्याखालील कंस तर देवळे घडविणाऱ्या हातांशी नाते सांगतात. मनुष्याकृती किंवा पशुपक्षी यांना मशिदीत स्थान नसते. रायपूरच्या दूधाधारी मठातील मराठाकालीन भित्तिचित्रे पाहिलेल्या वाचकास हा भेद चटकन जाणवेल : तेथे रंगांनी कथा सांगितली, येथे कथेविना केवळ रेषेने मन बांधून ठेवले.

मशिदीचे बांधकाम १५६७ चे. तालिकोटची लढाई होऊन दोनच वर्षे लोटली होती. हुसेन निजामशहा मरण पावला होता. अल्पवयीन मुर्तजाच्या नावे राजमाता खुंजा हुमायूँ कारभार पाहत होती. बांधणारा म्हणून साहिरखान या सरदाराचे नाव सांगितले जाते.

लोकांची आठवण मात्र निराळी आहे. किल्ल्याच्या दगडी तटबंदीवर राबणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून प्रत्येकी एक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, अशी ती कथा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असे आपण कंजुषाबद्दल म्हणतो. येथे तर ज्यांना दमडीच मोलाची होती त्यांनी ती दिली! ही कथा अक्षरशः खरी मानण्यास इतिहासाचा अभ्यासक कचरेल. हुसेनशहाने मातीचा कोट पाडून दगडी तट उभारला तो मशिदीच्या आधी काही वर्षे. पण सरदाराच्या पैशाने उभारलेल्या वास्तूतही दगड फोडणारे आणि घडविणारे हात मजुरांचेच असतात. साहिरखानाचे नाव आज ग्रंथांत शोधावे लागते. गावाने मात्र मशिदीला दमडीचेच नाव दिले.