नरकाचे दार: एका कथाबीजाचा प्रवास

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम आणला. मंगळाच्या चंद्रांवरचा प्रयोग फसतो, नरकाचे दार उघडते आणि एकटा सैनिक राक्षसांशी लढतो, एवढेच त्याचे कथानक. ‘एलियन्स’ व ‘इव्हिल डेड’ हे चित्रपट आणि निर्मात्यांचा स्वतःचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा डाव यांतून ते जुळून आले होते. कंपनीतील टॉम हॉल यांनी लिहिलेला सविस्तर कथा-आराखडा मात्र बहुतांशी बाजूला ठेवला गेला. पुढे काही वर्षे अशा खेळांना ‘डूमच्या नकला’ असेच म्हटले जाई.

१९९८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ या गेमने तेच बीज पुन्हा पेरले: प्रयोगशाळेतील अपघात, दुसऱ्या मितीचे दार, तिथून येणारे जीव. त्यामागे स्टीफन किंग यांच्या ‘द मिस्ट’ या कथेचीही प्रेरणा होती. गेमच्या सुरुवातीला मात्र एकही गोळी सुटत नाही. नायक गॉर्डन फ्रीमन रुळांवरच्या डब्यातून कामावर निघतो आणि खेळाडू खिडकीतून ती अवाढव्य प्रयोगशाळा पाहत राहतो. ‘डूम’ची कथा खेळाचा एकेक भाग संपल्यावर पडद्यावरच्या मजकुरातून कळे; इथे ती नायकाच्या डोळ्यांसमोर सलग घडते. बीज जुनेच होते, सांगण्याची रीत नवी होती. नंतरच्या अनेक गेम्सनी त्या रीतीचेही अनुकरण केले.