मिनरलचं गेट आणि ३०० नंबरचा पत्ता

हिंगणघाट म्हटलं की कापूस, कापूस आला की सरकी, आणि सरकीच्या ढेपेमागे पशुखाद्याचे कारखाने आलेच. अशाच एका कारखान्यातून मागच्या दिवाळीनंतर मला बोलावणं आलं. पॅनलमधला कॉम्प्युटर डॉसवर चालणारा. ढेप, कोंडा, मिनरल, प्रत्येकाचं हॉपर वेगळं. ठरलेलं वजन पडलं की कॉम्प्युटर गेट बंद करतो. त्यातलं मिनरलचं गेट उघडेना. रिले ठीक, म्हणजे आउटपुट कार्डच गेलेलं. अख्खं पॅनल बदला, असं मालकांना कुणीतरी सांगितलं होतं. तेवढे पैसे नव्हते, आणि मिनरल हाताने टाकून टाकून माणसं दमली होती.

हे कार्ड आयएसए स्लॉटमधलं, आणि या स्लॉटचा इतिहास भारी आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला. त्यात असे ५ स्लॉट. वर कंपनीने सर्किटचे नकाशेसुद्धा मॅन्युअलमध्ये छापून टाकले! मग काय, कुणीही कार्ड बनवावं. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये स्लॉट ८ बिटांवरून १६ बिटांचा झाला, तरी बरीचशी जुनी कार्डं त्यात बसत राहिली. कारखान्यांना हेच पाहिजे होतं. तैवानच्या अ‍ॅडव्हान्टेकसारख्या कंपन्यांनी रिले, सेन्सर जोडायची कार्डं काढली. १९८७ मध्ये आयबीएमनेच मायक्रो चॅनल नावाचा वेगळा स्लॉट आणला, पण तो वापरायला परवाना लागायचा. मग १९८८ मध्ये कॉम्पॅकसह ९ कंपन्या एकत्र आल्या, त्यांनी ईआयएसए मांडला, आणि त्या निमित्ताने जुन्या स्लॉटला आयएसए हे नाव मिळालं. म्हणजे बारसं ७ वर्षांनी!

पुढे पीसीआय आला आणि घरच्या पीसीतून आयएसए गेला. कारखान्यात मात्र राहिला, कारण तिथले जुने प्रोग्राम थेट पोर्टच्या नंबरवर लिहितात. तो नंबर, म्हणजे कार्डाचा पत्ता, कार्डावरच्या बारीक स्विचने ठरतो. मूळ पीसीत हेक्स ३०० पासूनचे काही पत्ते आयबीएमने प्रयोगाच्या कार्डांसाठी मोकळे ठेवले होते. म्हणून ढीगभर कंपन्यांनी आपली कार्डं ३०० वरच सेट करून विकली.

इथेच मी फसलो.

लॅमिंग्टन रोडवरून त्याच मॉडेलचं जुनं कार्ड मागवलं. आधी हार्ड डिस्कची कॉपी केली, बायोसचे फोटो काढले, वीज बंद केली, वायरींना चिठ्ठ्या लावल्या. सगळं नीट. कार्ड बसवून मशीन चालू केलं, तर मिनरलचं गेट तर सोडाच, रिकाम्या हॉपरचं वजनही भलतंच दिसायला लागलं. माझा चेहराच पडला. पॅनलचे इलेक्ट्रिशियन काका मागून म्हणाले, "भाऊ, पहिले थे जुन्या कार्डाचे बटनं तं पाय."

पाहिलं. जुनं कार्ड २२० वर होतं. ३०० वर वजनाचं कार्ड आधीपासूनच बसलेलं. माझं नवं कार्ड त्याच्याच घरात घुसलं होतं. दोघं एकाच वेळी बोलत होते. बीटेकला हे शिकवलं होतं हो, पण परीक्षेपुरतं.

वीज बंद केली, स्विच जुन्यासारखे लावले, परत चालू केलं. वजन शून्यावर आलं. काकांनी मिनरलचं बटण दाबलं, खट्ट आवाज झाला आणि गेट उघडलं. त्यांनी पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने दोन्ही पत्ते लिहिले, खाली तारीख टाकली. मग मला विचारलं, "अजून एक कार्ड घेऊन ठेवाव का?"

मी म्हटलं, "दोन घ्या काका."