नासाडीने शिकविलेला हिशेब

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या यंत्राची घोड्याशी तुलना केली आणि मिनिटास ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे माप ठरविले. घोड्याचे श्रम डोळ्यांना दिसतात. तारेतून वाहणारी वीज दिसत नाही. तिच्या शक्तीचा हिशेब मांडावा कसा, हा प्रश्न पुढील शतकापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर प्रथम मिळाले ते विजेच्या नासाडीतून.

१८२७ साली जर्मनीत गेओर्ग ओहमने विद्युत्‌दाब, प्रवाह आणि तारेचा रोध यांचे नाते सांगितले. परंतु या प्रवाहापासून शक्ती किती मिळते, हे त्यावरून कळत नव्हते. इंग्लंडमधील सॉल्फर्ड येथील एका बिअर-कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल याला नेमके तेच हवे होते. वाफेऐवजी विजेवर यंत्रे चालतील, अशी उमेद त्याने बाळगली होती. १८४० साली त्याने तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून त्यातून प्रवाह सोडला आणि तापमापकावर दृष्टी ठेविली. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट! म्हणजेच उष्णतारूपाने खर्च होणारी शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ओहमच्या नियमाची जोड दिली की ‘दाब गुणिले प्रवाह’ हे सुटसुटीत सूत्र हाती येते.

जूलची उमेद मात्र हिशेबानेच खचविली. बॅटरीतील एक पौंड जस्त झिजवून मिळणारे काम एक पौंड कोळशाच्या कामापुढे फारच तोकडे पडत होते. उमेद गेली, पण नियम टिकला. १८८२ साली विल्यम सीमेन्सने या शक्तीच्या एककाला वॅटचे नाव सुचविले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

याच नियमाने वीज दूर नेण्याची वाट दाखविली. दाब दहापट वाढविला, तर तेवढीच शक्ती दशांश प्रवाहात नेता येते आणि तारेतील नासाडी शतांशावर येते. दाब असा चढविणे-उतरविणे प्रत्यावर्ती, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या, प्रवाहात सोपे असते. १८९१ साली लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर वीज नेण्यात आली ती अशीच.

मात्र या प्रवाहाने जुना गुणाकार चुकविला. दाबमापक २३० व्होल्ट दाखवी, प्रवाहमापक १० अँपिअर. तरी प्रत्यक्ष शक्ती २,३०० ऐवजी १,८४० वॅटच भरे. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला रेटा सारा कामी येतो, अवेळी दिलेला काही अंशी वाया जातो. मोटारीच्या वेटोळ्यांमुळे प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो, म्हणून गुणाकाराला आणखी एका अपूर्णांकाने गुणावे लागते. वरील उदाहरणात तो ०.८ आहे. हाच शक्तिगुणक. १८९३ साली शिकागोच्या परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झने सदसत् संख्यांच्या साहाय्याने हे किचकट गणित अभियंत्यांच्या आवाक्यात आणले.

१९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा तिच्या तारांची जाडी आणि दाब ठरविताना हेच गणित कामी आले. त्याच्या मुळाशी होते जूलच्या भांड्यातील कोमट पाणी. किती मिळाले हे सांगण्यापूर्वी किती वाया गेले हे मोजावे लागते, हा धडा त्या पाण्याने दिला.