हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल

1962च्या चीन युद्धातील पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. अहवाल 1963मध्ये आला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्या सप्टेंबरात संसदेला निष्कर्षांचा गोषवारा तेवढा दिला. तेव्हा ते योग्यच होते, कारण सैन्याची फेरबांधणी चालू होती. पण 2010मध्येही संरक्षणमंत्री अँटनी यांनी त्याचे लष्करी मोल टिकून असल्याचे संसदेत सांगितले, ते पटत नाही. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी या युद्धावरील 1970च्या पुस्तकात या अहवालाचा आधार घेतला होता आणि 2014मध्ये त्याचा मोठा भाग जाहीरही केला. जे जगाला वाचता येते, त्याची अधिकृत प्रत भारतीय अभ्यासकाला नाकारून सुरक्षितता वाढत नाही. सीमावाद मिटलेला नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र तो ठाणी, वाटा आणि तुकड्यांच्या तपशिलांना लागू पडतो, आणि तेवढी पाने झाकता येतील. अपुऱ्या तयारीनिशी जवानांना पुढच्या चौक्यांवर पाठवण्याचा निर्णय कोणाच्या सल्ल्याने झाला, याचे उत्तर नकाशात दडलेले नाही. शिवाय चौकशीची कक्षाच लष्करापुरती होती. त्यामुळे दिल्लीतील राजकीय निर्णयांचे कागद खुले झाल्याशिवाय हा अहवालही अर्धेच सांगेल.