छातीचे चित्र आणि यंत्राची कळ

दगड फोडण्याच्या क्रशरवर हयात घालवलेल्या एका सोबत्याचा दावा घेऊन आम्ही एका वैद्यकीय मंडळापुढे गेलो होतो. त्याच्या छातीच्या सीटी स्कॅनची चित्रे चकचकीत कागदावर छापून मिळाली होती, आणि ती काळीकुट्ट होती. मंडळाने ती पाहिली न पाहिली, आणि 'विशेष काही आढळत नाही' असा शेरा मारला. आम्ही मूळ सीडी घेऊन ओळखीच्या एका तरुण तंत्रज्ञाकडे गेलो. त्याने माऊस धरून पडद्यावर जरा इकडेतिकडे ओढला, आणि मघाच्या काळोखातून राळ्याच्या दाण्यांसारखे ठिपके वर आले. आम्हांला हर्ष झाला. म्हटले, "अजून थोडे उठावदार कर." पोरगा हसला. म्हणाला, "काका, इतकं केलं तर माझ्याही छातीत डाग दिसतील."

श्रोतेहो, त्या एका वाक्याने आम्हांला पुस्तकांपुढे बसवले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु ज्या चित्रावर माणसाची भरपाई ठरते, ते चित्र कोणी आणि कसे उजळले हे समजून घेतल्यावाचून आम्हांला चैन पडेना.

8 नोव्हेंबर 1895 रोजी राँटगेनला क्ष-किरण सापडले. पुढे फिल्म आली. फिल्मवर चित्र एकदा उमटले व धुऊन निघाले की ते कायमचे. किरण जास्त पडले तर फिल्म काळी होऊन बारीक डाग त्यात बुडून जात. कमी पडले तर निरोगी फुप्फुसही खरबरीत दिसे. म्हणजे मालकाला काळी फिल्म सोयीची आणि आम्हांला फिकी! हा वाद सोन्याच्या खाणींत फार जुना. तेथल्या गारेच्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी होत. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या खाणकामगाराचा क्ष-किरण फोटो निघे. काळ्या मजुराला बहुधा काट्यावर उभे करून वजनावरच निकाल लागे. त्याच देशात, जोहान्सबर्गला, 1930 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या विद्यमाने सिलिकोसिसवर परिषद भरली आणि फोटो वाचण्याच्या सर्वमान्य पद्धतीची सुरुवात झाली. पुढे तीत वेळोवेळी सुधारणा होत गेल्या आणि नमुना-फिल्मांचा संच तयार झाला. गोल ठिपके 1.5 मिलिमीटरपर्यंत असले तर प, 3 पर्यंत क्यू, 10 पर्यंत आर; दाटी शून्यापासून तीनपर्यंत. डॉक्टराने आपली फिल्म नमुन्याशेजारी लावावी आणि मगच बोलावे. आपल्याकडे बाजारात मापे तपासून शिक्का मारतात, तसलाच हा प्रकार.

मग आला हाउन्सफील्ड. शेतावर वाढलेला, विद्यापीठाची पदवी नसलेला हा इंग्रज गृहस्थ ईएमआय या ग्रामोफोनच्या तबकड्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या कंपनीत इंजिनियर होता. (पदवी नसलेल्या माणसाचे नाव घेताना आमची छाती जरा फुगते, हे कबूल करतो.) 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात त्याच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. 1979 साली त्याला कॉर्मॅकबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आमच्या मते त्याची खरी क्रांती वेगळीच. त्याच्या यंत्राने चित्र काढले नाही, आकडे काढले. पाणी शून्य धरले. हवा पहिल्या यंत्रात उणे 500 होती, पुढे मोजपट्टी दुप्पट करून ती उणे 1000 झाली. दोन हजारांहून अधिक पायऱ्यांचे हे आकडे, आणि पडद्यावर करड्या रंगाच्या छटा साधारण 256! म्हणून निवड करावीच लागते. या निवडीला 'खिडकी' म्हणतात. खिडकी कोठे ठेवायची हा एक आकडा, किती रुंद ठेवायची हा दुसरा.

मऊ मांसासाठी मध्य 40 आणि रुंदी 400 ठेवतात; म्हणजे उणे 160 खालचे सगळे काळे. फुप्फुसाची हवेशीर जाळी तर उणे 700-800 च्या आसपास. ती सगळी अंधारात! फुप्फुस पाहायचे तर मध्य उणे 600, रुंदी 1500 अशी खिडकी लावतात. आमच्या सोबत्याचे छापील कागद पहिल्या खिडकीतले होते, एवढीच गोष्ट. आणि आम्ही त्या पोराकडून करवून घेत होतो ते म्हणजे खिडकी इतकी अरुंद करणे, की साधी रक्तवाहिनीही पांढराफटक डाग वाटावी.

खिडकी हलवली तरी मूळ आकडे हलत नाहीत, हे ध्यानात धरावे. संगणक जेव्हा फुप्फुस बाकीच्या शरीरापासून वेगळे काढतो, तेव्हा तो आकड्यांचा उंबरठा लावतो, उदाहरणार्थ उणे 500. उंबरठ्याअलीकडचे आत, पलीकडचे बाहेर. पडदा उजळ असो की मंद, त्याचे माप तेच. पण गाठीची कड माणूस हाताने आखू लागला की गोष्ट बदलते. कडेवरचे आकडे अर्धवट असतात. खिडकीचा मध्य खाली आणला की तीच गाठ डोळ्याला मोठी दिसते, आणि आखलेली रेघ बाहेर सरकते.

एक सापळा आणखी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँडने 1987 साली एनआयएच इमेज आणि 1997 साली इमेजजे हा कार्यक्रम लिहिला. जगभरच्या प्रयोगशाळांत तो फुकट वापरतात. त्यात उजळपणाच्या सरकत्या पट्ट्या हलवल्या तर केवळ दिसणे बदलते. परंतु शेजारचे 'अप्लाय' दाबले की खुद्द आकडेच बदलून बसतात. तसे चित्र साठवले, की पहिले आकडे त्यातून परत मिळत नाहीत. कारकुनाने शिसपेनीने केलेली खूण आणि शाईने केलेली खाडाखोड यांत जो फरक, तोच हा.

1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवलाच पाहिजे असा आजार ठरवला होता. श्रम संघटनेने 2011 साली क्ष-किरणांच्या डिजिटल फोटोंसाठीही नमुना-चित्रे दिली. सीटीचे चित्र त्या पद्धतीत बसत नाही. म्हणून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला. मंडळापुढे जाताना छापील कागद नव्हे, मूळ सीडी न्यायची. आणि चित्र कोणत्या खिडकीत पाहिले ते दोन आकडे अर्जात लिहायचे. आमच्या बाजूचे चित्रही त्याच खिडकीतले, एक पायरी अधिक नाही. यावर आमच्याच काही कार्यकर्त्यांनी कुरकुर केली, ती आम्ही ऐकून घेतली.

त्या सोबत्याचा अर्ज पुन्हा दाखल करायला गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने 'उणे 600, 1500' यावर बोट ठेवून विचारले, "हे काय, रक्तदाब का?" आम्ही म्हटले, "नाही. बाबा, तुझ्या समोर आहे तसलीच खिडकी आहे." त्याने पावतीवर शिक्का मारला. तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.