कुंपणावरचे तेल : डिझेलचे इंजिन आणि जालन्याचे शिवार

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळला जातो आणि त्या दिवशी एक गोष्ट हमखास सांगितली जाते : १८९३ साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेल यांनी शेंगदाण्याच्या तेलावर आपले इंजिन चालवून दाखवले. गोष्ट सुरेख आहे, पण तशी घडलेली नाही.

त्या दिवशी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे डिझेल यांच्या पहिल्या प्रायोगिक इंजिनात प्रथमच इंधन पेटले, एवढे खरे. ते इंधन पेट्रोल होते. आतला दाब इतका चढला की तो मोजण्यासाठी बसवलेले उपकरणच फुटले. भरवशाने काम करणारे इंजिन तयार व्हायला १८९७ साल उजाडले.

शेंगदाण्याचे तेल या इतिहासात येते ते १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. ऑटो कंपनीने तेथे मांडलेले एक लहान डिझेल इंजिन या तेलावर चालवण्यात आले आणि ते इतके सुरळीत चालले की इंधन वेगळे आहे हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले. ही हकीकत डिझेल यांनीच १९१२ साली सांगितली आहे आणि कल्पनेचे श्रेय त्यांनी फ्रेंच सरकारला दिले आहे. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक पिके. कोळसा आणि खनिज तेल मात्र दुरून न्यावे लागे. वसाहतीतील यंत्रांना लागणारे इंधन वसाहतीच्याच मातीतून निघावे, असा तो हिशोब होता. डिझेल यांना शेतकऱ्यांच्या स्वावलंबनाचे द्रष्टे म्हणून रंगवताना हा हिशोब बहुधा गाळला जातो. पुढे डिझेल यांनी स्वतःही वनस्पती तेलांवर प्रयोग केले आणि या तेलांना कधीतरी महत्त्व येईल असे म्हटले. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लिश खाडी ओलांडताना ते बोटीवरून नाहीसे झाले.

इंजिन तेलावर चालते हे १९०० पासून ठाऊक असताना तेलबियांच्याच मुलखात गाड्या तेलावर का धावल्या नाहीत? हा प्रश्न जालना जिल्ह्याच्या शिवारात उभे राहून विचारला, तर त्याचे उत्तर अधिक स्पष्ट दिसते.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून ते १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रब्बीची ज्वारी हे इथल्या शेतीचे जुने रूप. त्या ज्वारीच्या काठाने करडईच्या ओळी पेरण्याची रीत मराठवाड्यात पूर्वापार होती. करडई काटेरी, जनावर तिच्यात तोंड घालत नाही. म्हणजे पिकाला कुंपण झाले आणि घरापुरते तेलही निघाले. घाण्यावरून आलेले ते तेल भाकरीबरोबर, पिठल्यात, चटणीवर संपत असे.

या तेलाचा आणखी एक उपयोग आज विस्मरणात गेला आहे. करडईचे तेल खूप तापवून काळे, चिकट केले की ते मोटेच्या चामड्याला आणि नाड्याला चोपडत, म्हणजे पाण्याने ते कुजत नसत. जॉर्ज वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या भारतातील आर्थिक उत्पादनांच्या कोशात असा वापर नोंदलेला आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण साधारण तीन चतुर्थांश असते. हे आम्ल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, आणि म्हणून तेलाचा पातळ थर काही दिवसांत रोगणासारखा चिवट बनतो.

पुढे विहिरीवरची मोट गेली आणि इंजिन आले. भारतीय बनावटीचे पहिले डिझेल इंजिन बनवल्याचे श्रेय सातारा रोडच्या कूपर कारखान्याला दिले जाते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तेलगिरण्या, पिठाच्या गिरण्या आणि विहिरी या इंजिनांच्या ठोक्यावर चालू लागल्या. गंमत अशी की ज्या गुणाने करडईने मोट टिकवली, तोच गुण इंजिनाच्या मुळावर येतो. पूर्ण न जळलेले तेल पिस्टनच्या कड्यांवर आणि नोझलच्या तोंडाशी साचते, चिवट होते, आणि काही काळाने इंजिन गुदमरू लागते.

दुसरी अडचण दाटपणाची. डिझेलच्या तुलनेत शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल दहा पटींच्या आसपास दाट असते. पंप ते ढकलतो, पण नोझलमधून त्याची बारीक फवार उडत नाही. मोठे थेंब अर्धवट जळतात. तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवले की ते पुरेसे पातळ होते. म्हणून ज्यांनी जगात ठिकठिकाणी आपल्या मोटारी निव्वळ तेलावर चालवल्या, त्यांनी गाडीला दोन टाक्या बसवल्या : सुरुवात डिझेलवर करायची, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल तापले की दुसरी टाकी जोडायची, आणि गाडी बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन काढायच्या. शेवटची पायरी विसरली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होत नाही. विहिरीवरचे संथ गतीचे जुने इंजिन असे बरेच सोसते. आजच्या उच्च दाबाच्या, संगणकाच्या आज्ञेने फवारा सोडणाऱ्या इंजिनाला ते सोसत नाही.

यावरचा पक्का उपाय बेल्जियममध्ये निघाला, आणि तोही वसाहतीच्या संदर्भात. ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शाव्हान यांनी १९३७ साली पाम तेलाची अल्कोहोलशी रासायनिक प्रक्रिया करून पातळ इंधन मिळवण्याचे पेटंट घेतले. पाम तेल बेल्जियमच्या ताब्यातील काँगोत होत असे. १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर या इंधनावर प्रवासी बस धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच. शंभर किलो तेल, अकरा-बारा किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा यांपासून सुमारे शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन मिळते.

भारतात या विषयाला निकड आणली ती दुसऱ्या महायुद्धाने. पेट्रोलचे रेशनिंग झाले, बसगाड्यांना कोळशाच्या वायूची नळकांडी लटकू लागली, आणि सरकारी संशोधकांनी देशी तेले डिझेल इंजिनात घालून पाहिली. अशी दहा तेले तपासली गेली. चौधरी, मुखर्जी, अग्रवाल आणि वर्मन यांचा लेख १९४२ साली ‘गॅस अँड ऑइल पॉवर’ या नियतकालिकात आला. यांतील लालचंद वर्मन हे पुढे भारतीय मानक संस्थेचे प्रमुख झाले. १९४७ साली अमृते या मराठी आडनावाच्या लेखकाचा शेंगदाणा तेल आणि डिझेल इंजिन यांवरील लेख एका ऑस्ट्रेलियन अभियांत्रिकी मासिकाने छापला. १९५२ साली या साऱ्या कामाची सविस्तर पुस्तिका निघाली.

पुस्तिका निघाली तेव्हा तिची गरज सरलेली होती. आयात डिझेल पुन्हा सहज आणि स्वस्त मिळू लागले होते. तेल पुरेसे चांगले जळत नाही म्हणून हे संशोधन थांबले, असे समजणे चूक ठरेल. ते थांबले कारण पिंपातले खाद्यतेल पंपावरच्या डिझेलपेक्षा महाग होते. जालन्याच्या तेलगिरणीत हा विरोधाभास रोज डोळ्यांसमोर असे : दाराशी ठोके देणारे इंजिन परदेशातून आलेले तेल जाळी, आणि आत जे गाळले जाई ते त्याहून मोलाचे असे. गिरणीवाला आपले तेल आपल्याच इंजिनात का ओतत नाही, हा प्रश्न त्याला कोणी विचारला असता तर तो हसला असता.

मग १९७३ आणि १९७९ ची तेलसंकटे आली आणि विषय पुन्हा निघाला. दक्षिण आफ्रिकेवर वंशभेदी धोरणामुळे तेलबंदी होती. तेथे १९८० च्या सुमारास सूर्यफुलाच्या तेलावर ट्रॅक्टर चालवून पाहिले गेले आणि निव्वळ तेलापेक्षा बायोडिझेलच इंजिनाला मानवते, हा निष्कर्ष तेथे पक्का झाला.

भारतात खरी लाट उसळली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तिचे नाव होते जट्रोफा. हे नाव नवे. झाड मात्र महाराष्ट्राच्या बांधावर कित्येक पिढ्या उभे असलेले मोगली एरंड. मोगलांशी त्याचा काही संबंध नाही. ते मूळचे मध्य अमेरिकेचे आणि पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर इकडे आले असे मानतात. करडईप्रमाणेच तेही कुंपणाचे झाड : गुरे त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते विषारी आहे. गावातील मुलांनी मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, अशा बातम्या मराठी वर्तमानपत्रांत आजही येतात.

३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली ते अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवण्यात आली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पहिल्या टप्प्यात चार लाख हेक्टरांवर जट्रोफा लावण्याची आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळण्याची दिशा आखली. राष्ट्रपती अब्दुल कलाम या झाडाचे पुरस्कर्ते होते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने जट्रोफापासून बनवलेल्या इंधनावर २००४ साली मर्सिडीज गाड्या हजारो किलोमीटर धावल्या. रसायनशास्त्राची बाजू भक्कम होती.

कच्ची बाजू शेतीची होती. पाणी नको, खत नको, पडीक जमीन चालेल, असे सांगितले जात होते. झाड दुष्काळात जगते हे खरेच. पण जगणे वेगळे आणि भरघोस बी देणे वेगळे. पाऊस कमी तिथे बीही कमी, आणि एकाच झाडावर फळे वेगवेगळ्या वेळी पिकत असल्याने तोडणीची मजुरी चढी.

याबाबतीत जालन्याकडे एक जुने शहाणपण होते. याच गावात बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारी आणि कापूस यांचे बियाणे शेतात वर्षानुवर्षे पारखून मगच विकायचे असते, हे बियाण्यांच्या या गावाला कोणी शिकवायला नको होते. मोगली एरंडाचे असे पारखलेले वाणच नव्हते. ते जंगली झाड होते. एका बीपासून काय उगवेल आणि किती फळेल याचा भरवसा नव्हता. लाखो हेक्टरांचे आराखडे आधी झाले, वाण शोधण्याचे काम नंतर.

खरेदीचेही तसेच. ऑक्टोबर २००५ च्या धोरणाने तेल कंपन्यांनी बायोडिझेल लिटरला २५ रुपयांनी घ्यावे असे ठरवले. उत्पादनखर्च त्याहून जास्त होता. केंद्रांवर विकायला जवळजवळ कोणी गेले नाही. लावलेली झाडे पुष्कळ ठिकाणी उपटली गेली. मराठवाड्याची जमीन सोयाबीन आणि कापसाने व्यापली, आणि ज्वारीबरोबर तिच्या काठची करडईही आकसत गेली.

२००९ च्या धोरणाने वीस टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत लांबवली. २०१८ च्या धोरणात आकडा पाच टक्के आणि साल २०३० असे झाले, आणि भर तळणीच्या वापरलेल्या तेलावर आला. त्याच वर्षी १ जुलैपासून वारंवार तापवलेल्या तेलातील हानिकारक घटकांना पंचवीस टक्क्यांची कमाल मर्यादा लागू झाली. त्यापुढचे तेल कढईतून काढून बायोडिझेलच्या कारखान्याकडे जावे, अशी ही योजना आहे. त्याची शिफारस करायला हरकत नाही, कारण त्यात कोणाच्या ताटातले तेल जात नाही. पण भज्यांच्या गाडीवरचे काळे तेल गोळा करणे हे लाखो हेक्टर नांगरण्याहून किचकट काम आहे, आणि डिझेलमध्ये बायोडिझेलचे प्रमाण अजून एक टक्क्याच्याही आत आहे.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आज आयात होते. जालन्यात आता लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. बैलाच्या जागी विजेची मोटर आहे. त्यांवरचे करडईचे तेल डिझेलच्या दुपटीहून अधिक भावाने विकले जाते, आणि ते घ्यायला येणारी माणसे आपल्या गाड्या आधी पंपावर भरून आलेली असतात.